चित्रांच्या घरातली सभा

मुंबईत रीगल सर्कलवरून काळ्या घोड्याकडे निघालात की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या समोरच्या अंगाला सर कावसजी जहांगीर हॉल लागतो. जॉर्ज विटेट यांनी आखलेली ही इमारत १९११ सालची. सर कावसजींच्या देणगीतून उभा राहिलेला हा हॉल मुळात बोलण्या-ऐकण्यासाठीच होता. इथे सभा भरत, मैफली रंगत. पुढे त्याची रया गेली आणि मुष्टियुद्धाचे सामने, लग्नाचे स्वागतसमारंभ, कपड्यांचे सेल असे काय वाटेल ते तिथे होऊ लागले. शिल्पकार पिलू पोचखानवाला, केमोल्ड कलादालनाचे केकू गांधी अशा मंडळींनी नेट लावला म्हणून ही वास्तू कलेच्या वाट्याला आली. रूपांतराचे काम बारा वर्षे रेंगाळले आणि १९९६ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय मुंबईत सुरू झाले.

आत शिरल्यावर जुन्या हॉलची कल्पनाही येत नाही. अर्धवर्तुळाकार जिना, एकावर एक चढत गेलेली दालने आणि सगळ्यात वर घुमटाखालचे दालन. चित्रे बघत बघतच माणूस वर पोहोचतो. पण या वास्तूचे सभेशी असलेले नाते तुटलेले नाही. प्रदर्शनांच्या जोडीने व्याख्याने, चित्रकारांशी गप्पा, लघुपट हे सारे इथे होते आणि मला ते चित्रांइतकेच मोलाचे वाटते. आधुनिक चित्रापुढे उभा राहिलेला नवखा प्रेक्षक बहुतेक वेळा गप्प होतो, बिचकतो. शेजारी कोणी जाणता बोलू लागला की तो दुसऱ्यांदा बघतो, आणि खरे बघणे तिथून सुरू होते.

चित्रकार प्रभाकर बर्वे यांचेच पाहा. एखादे पान, पेअरचे फळ, घड्याळ. ओळखीच्या वस्तू, पण एकमेकींपासून सुट्या, सपाट रंगाच्या अवकाशात तरंगत असलेल्या. एनॅमल रंगाचा तो तुकतुकीत, थंड पृष्ठभाग. नुसते बघून कोडे पडते. बर्वे स्वतः मात्र यावर मराठीत, अगदी बारकाईने विचार करत होते. त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक १९९० साली आले. २०१९ मध्ये त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन याच संग्रहालयात भरले, तेव्हा चित्रांसोबत त्यांच्या डायऱ्याही मांडल्या होत्या. चित्रकाराचे शब्द आणि चित्र एकाच छताखाली भेटणे फार क्वचित घडते.

त्याच प्रदर्शनाच्या उद्‌घाटनाला, ८ फेब्रुवारी रोजी, अभिनेते-दिग्दर्शक अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. पालेकर स्वतः जे. जे. कला महाविद्यालयाचे विद्यार्थी, चित्रकार. संग्रहालयाच्या स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्या आणि निर्णय दिल्लीहून होऊ लागले, या मुद्द्यावर ते आले आणि त्यांना मध्येच थांबवण्यात आले. बर्वे यांच्याविषयीच बोला, असे सांगण्यात आले. मला ते मुळीच पटले नाही. कोणाची चित्रे लागणार, कोण ठरवणार, हा प्रश्न चित्रांच्या भिंतीपाशी विचारायचा नाही तर कुठे विचारायचा? सभेसाठी बांधलेल्या वास्तूत तर तो विचारलाच पाहिजे.

लघुपटांबद्दलही सांगायला हवे. सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये ‘द इनर आय’ हा वीसेक मिनिटांचा माहितीपट केला तो आपले गुरू विनोदबिहारी मुखर्जी यांच्यावर. डोळे पूर्ण गेल्यानंतरही कागद कापून, घड्या घालून, बोटांनी चाचपत काम करणारा चित्रकार त्यात दिसतो. असा पट घरी मोबाइलवर बघता येतो, हे खरे. पण तो संपल्यावर शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलावेसे वाटते, आणि तो शेजारी संग्रहालयातच मिळतो.

संग्रहालय सोमवारी बंद असते. बाकी कुठल्याही दिवशी जा. मात्र व्याख्यान किंवा लघुपट असेल तो दिवस गाठता आला तर उत्तम. आणि शेवटी प्रश्नोत्तरे सुरू झाली की संकोच करू नका. हात वर करा आणि आपला प्रश्न मराठीत विचारा.