सातबारा आणि पर्लचे वर्ग

जळगाव असो वा धुळे, शेतकऱ्याला सातबारा एकच कागद दिसतो. वस्तुतः गाव नमुना सात हक्कांचा आणि बारा पिकांचा, असे ते दोन तक्ते. 'पर्ल' या संगणकभाषेत अशा प्रत्येक तक्त्याला एक वर्ग नेमतात (वर्ग म्हणजे साचा; आपली खोली नव्हे!). ओळ म्हणजे एक वस्तू, रकाना तिचा गुण. नाते एकदा सांगून ठेवले, की 'जमीन' या वस्तूला पिके विचारताच ती बारातील ओळी काढून देते. मात्र तोच गट क्रमांक गावोगाव आढळतो. ओळख गाव व गट मिळूनच ठरवावी.

आणि जिल्हा? तो जमिनीच्या ओळीत लिहूच नये. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. जिल्हा तालुक्याला विचारण्याची रीत असेल, तर शहाद्याच्या हजारो ओळी तशाच राहतात. बदलते ती तालुक्याची एकच ओळ.