पंचांग बघा आणि समुद्रावर चला



गाव सोडून आपण जातो कुठे? माहेरी, लग्नाला, नाहीतर सप्तशृंगीच्या गडावर. नुसतं विसाव्याला म्हणून जायचं, हे आपल्या मनातही येत नाही. यंदा आमच्या गटाने ठरवलं, कापसाची वेचणी आटोपली की चार दिवस कोकणात जायचं. त्यासाठी दर महिन्याला वेगळे पैसे बाजूला टाकले. आम्ही तापीकाठच्या बाया, समुद्र कुणीच पाहिला नव्हता.

रायगड जिल्ह्यातलं हरिहरेश्वर निवडलं. तिथे डोंगराचा पायथाच समुद्रात आहे. जळगावहून रेल्वेने कल्याण, पुढे एसटीने पनवेल, माणगाव करत श्रीवर्धन. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पंच्याहत्तरी पूर्ण झालेल्या आजींना तर तिकीटच नाही. आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. राहायला घरगुती खोल्या मिळतात, जेवणही तिथेच. आयती तांदळाची भाकरी आणि सोलकढी पुढे आली, तेव्हा आमच्यातल्या एकीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

आता महत्त्वाचं ऐका. देवळामागे प्रदक्षिणेची वाट आहे. ती पायऱ्या उतरून समुद्रालगतच्या खडकांवरून जाते आणि फक्त ओहोटीलाच चालता येते. भरतीत लाट माणसाला ओढून नेते. आम्ही दुपारी तीनला पोहोचलो, तर खडक पाण्यात! कोकम विकणारी एक मावशी म्हणाली, "आज चतुर्थी ना? मग आत्ता भरती. उद्या सकाळी या."

तिने आम्हाला कोळ्यांचं गणित शिकवलं. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थीच्या चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीनला पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. त्यात सहा तास मिळवले की नऊला ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती, सव्वादोनला ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. भरती चंद्राच्या ओढीने येते, म्हणून ती रोज पाऊण तास पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला पाणी जास्त चढतं, त्याला उधाण म्हणतात.

हा अंदाज आहे, म्हणून उतरण्याआधी तिथल्या माणसांना विचाराच. पाणी चढायला लागलं की लगेच माघारी फिरा. पावसाळ्यात तर खडकांवर जाऊच नका.

दुसऱ्या दिवशी पंचमी. पावणेदहाची ओहोटी धरून आम्ही नऊला निघालो आणि कोरड्या पायांनी प्रदक्षिणा पुरी केली. उपासतापासासाठी आपण तिथी रोज मोजतो. तीच तिथी तिथे कामी आली.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत कर्जाचा हिशेब झाला की हाही विषय काढा. वर्षातले चार दिवस आपलेही असावेत.