टाच धरणारा ठेंगू

आमच्या डोक्यावरच्या बिऱ्हाडात एक तरुण जोडपे राहते. गेल्या वर्षी त्यांनी कॉर्गी जातीचे कुत्रे आणले. लांबट अंग, कोल्ह्यासारखे तोंड, ताठ कान आणि पाय मात्र जेवायच्या पाटाला असावेत तेवढेच! नाव लाडू. सोसायटीतल्या मुलांनी त्याला डोक्यावर घेतले. पण पुढे त्याला धावत्या मुलांच्या टाचा धरण्याची खोड लागली. रक्त कधी निघाले नाही, हे खरे; तरी एका सकाळी माझ्याही पायजम्याला त्याचे दात लागले. 'कुत्रे घालवा' असा अर्ज तयार झाला आणि प्राध्यापकाची सही वजनदार म्हणून तो प्रथम माझ्याकडे आला.

सही करण्यापूर्वी आरोपीचे कूळ पाहावे म्हटले. आम्हां भाषेच्या मास्तरांची चौकशी अर्थातच नावापासून सुरू होते. 'कॉर्गी' हा शब्द वेल्श भाषेतला. 'कोर' म्हणजे ठेंगू, 'की' म्हणजे कुत्रा. शब्द जोडताना 'की'चा 'गी' होतो. आपल्याकडे वाक् आणि ईश मिळून 'वागीश' होतो, तेव्हा 'क'चा 'ग' होतोच की! आमच्या वर्गातल्या मुलांना एवढा संधी समजावताना घाम फुटतो. वेल्सचे गुराखी तो सहज करीत आले.

होय, गुराखी. आपल्याला कॉर्गी ठाऊक झाला तो राजवाड्यातला. १९४४ साली अठराव्या वाढदिवसाला राजकन्या एलिझाबेथला सुझन नावाची कॉर्गी मिळाली आणि २०२२ मध्ये राणी निवर्तली तोवर तिच्या पायांशी तीसहून अधिक कॉर्गी नांदून गेले. परंतु हे कुत्रे मुळात नैर्ऋत्य वेल्समधल्या शेतकऱ्याचे. त्याच्या दोन जाती आहेत: लांब शेपटीचा कार्डिगन आणि आखूड शेपटीचा पेंब्रोक. १९३४ पर्यंत दोघांची नोंद एकत्रच होत असे. पऱ्या या कुत्र्यांवर बसून हिंडत, म्हणून त्यांच्या पाठीवर खोगिराची खूण दिसते, असे तिकडची दंतकथा सांगते. पऱ्यांचे मला माहीत नाही. पायांचे मात्र सांगता येईल.

मेंढ्या वळणारा कोली कुत्रा कळपाभोवती फिरतो, डोळे रोखतो. गाय अशा नजरेला भीक घालीत नाही! तिला हलवायचे तर मागून जाऊन टाच धरावी लागते. आणि टाच धरली की ती लाथ झाडते. उंच कुत्र्याचा जबडाच फुटायचा. कॉर्गी जमिनीलगत दबतो आणि लाथ डोक्यावरून निघून जाते. ज्याला आपण व्यंग समजून हसतो, ते त्याचे चिलखत आहे. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले की, कॉर्गी, डॅशहंड अशा अनेक ठेंगण्या जातींत वाढीशी संबंधित एका जनुकाची एक जादा प्रत असते आणि तिनेच पाय आखूड राहतात. निसर्गाने केलेली ही चूक गुराख्यांनी पिढ्यान् पिढ्या निवडून जतन केली.

रेल्वे येण्यापूर्वी वेल्समधली गुरे शेकडो मैल चालत इंग्लंडच्या बाजारांत, पार लंडनपर्यंत जात. वाट खडतर, म्हणून आपण बैलांना पत्री मारतो तशी त्या गुरांच्या खुरांनाही लोखंडी पत्री ठोकीत. हाकणाऱ्यांच्या संगतीला कुत्री असत. एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली आणि ही पायपीट संपली. काम गेले, टाच धरण्याची ओढ तेवढी रक्तात उरली. लाडूने आयुष्यात एकही गाय हाकलेली नाही. पण पुढे काही पळाले की त्याचे पूर्वज जागे होतात.

या शोधात मला सर्वांत गुंतवले ते एका जुन्या कायद्याने. दहाव्या शतकातला वेल्श राजा हाउएल 'द भला' याच्या नावाने जी कायदेसंहिता चालत आली, तिच्यात गुराख्याच्या कुत्र्याची किंमत उत्तम बैलाइतकी धरली आहे. ते कुत्रे कॉर्गीच होते, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण अट मोठी गमतीची: कुत्रे सकाळी गुरांच्या पुढे जाते आणि संध्याकाळी त्यांच्या मागून घरी येते, अशी शपथ मालकाने घ्यायची आणि तीही आपल्या दाराच्या वरचा एक व खालचा एक असे दोन शेजारी सोबत घेऊन!

मी अर्ज घडी करून खिशात घातला आणि जिना चढून वर गेलो. त्या मुलाला म्हटले, "अहो, याला काम द्या. दिवसभर कोंडून ठेवाल तर तो जिन्यात गुरे शोधणारच." आता ते दोघे त्याला सकाळ-संध्याकाळ लांब फिरवतात, चेंडूमागे धाववतात, टाचेकडे वळला की हाक मारतात आणि हाकेसरशी फिरला तर खाऊ देतात. मुलांनाही सांगून ठेवले आहे की, लाडू मागे लागला तर पळू नका, उभे राहा. उभ्या गाईला हाकण्यात त्याला फारसा रस नसावा, कारण मुले थांबली की तोही बसतो. जिना मात्र त्याला उचलूनच उतरवतात; एवढ्या लांब पाठीला पायऱ्या सोसत नाहीत.

रविवारी सोसायटीची सभा आहे. खालच्या शेजाऱ्याची साक्ष मी देणार आहे. वरच्या शेजारी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. लाडूने पहिली टाच धरली ती त्यांच्याच नातवाची. काल त्या नातवाला घेऊन खाली आल्या, लाडूपासून चार हात दूर थांबल्या आणि मला म्हणाल्या, "सर, तो चेंडू याला फेकू दे का हो एकदा?"