तळोदा यादीत कुठे बसतो?

मराठी शब्दकोशात ‘ळ’ येतो ‘ह’नंतर. म्हणजे ‘तहसील’ आधी, ‘तळोदा’ नंतर. संगणकासाठी प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये मात्र ‘ळ’ला ‘ल’शेजारची जागा मिळाली आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या नावांची यादी संगणकानं नुसत्या त्या क्रमांकांनी लावली, तर ‘तळोदा’ ‘तहसील’च्या आधी येऊन बसतो. लिनक्समधली ‘सॉर्ट’ ही जुनी आज्ञा भाषेची नियमावली पाहून क्रम लावते. तीच आज्ञा रस्ट या नव्या प्रोग्रामिंग-भाषेत लिहिली गेली, तेव्हा सुरुवातीची कित्येक वर्षं ती फक्त बाइटांचा क्रम ओळखत होती.

पण मुळात चालू असलेलं पुन्हा लिहायचं कशाला? ‘सॉर्ट’, फायली दाखवणारी ‘एलएस’, तारीख सांगणारी ‘डेट’ अशा शंभराच्या आसपास आज्ञा सी भाषेत आहेत. सीमध्ये स्मृतीचा हिशेब प्रोग्रामरनंच ठेवायचा. आठ घरांच्या जागेत नववं अक्षर लिहिलं, तर ते मुकाट्यानं शेजाऱ्याच्या जागेत जातं. प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या ‘सुडो’मध्ये 2011 साली अशीच एक चूक शिरली आणि 2021 पर्यंत कुणाच्या लक्षात आली नाही. साधं खातं असलेल्या कुणालाही तिच्यामुळे अख्ख्या यंत्राचा ताबा घेता येत होता.

रस्टमध्ये स्मृतीच्या प्रत्येक तुकड्याला एका वेळी एकच मालक असतो. इतरांनी तो उसना घ्यायचा: वाचायला कितीही जणांनी, बदलायला एकानंच. नियम मोडला की कंपायलर प्रोग्राम तयारच करत नाही. माझ्या मते ‘सुडो’साठी एवढं कारण पुरेसं आहे. ‘एलएस’सारख्या आज्ञांमध्ये धोका तुलनेनं कमी, तिथे घाई करायचं कारण मला दिसत नाही.

2013 मध्ये सुरू झालेल्या ‘यूयूटिल्स’ प्रकल्पात रस्टमध्ये लिहिलेल्या आज्ञा ऑक्टोबर 2025 मध्ये उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या 25.10 आवृत्तीत जुन्यांच्या जागी आल्या. त्याच महिन्यात नवी ‘डेट’ चुकली. फाइल शेवटची कधी बदलली हे विचारलं, की ती आत्ताची वेळ सांगायची. त्यामुळे सुरक्षा-सुधारणा आपोआप तपासण्याचं कामच काही संगणकांवर थांबलं. यात स्मृतीची चूक नव्हती. जुन्या आज्ञेची एक बारीक सवय नव्या आज्ञेत उतरायची राहिली होती, आणि अशी चूक कंपायलरला दिसत नाही. ती वापरणाऱ्यालाच दिसते. ‘ळ’ची चूक दिसायला तर मराठी वाचणारा माणूसच हवा.

म्हणून लिनक्स वापरणाऱ्यांना एक प्रयोग सुचवतो. मोजणीच्या आज्ञेला ‘नंदुरबार’ हा शब्द, मागे नवी ओळ न जोडता, द्या. बाइट विचारले तर 24 येतात, कारण युनिकोडच्या प्रत्येक देवनागरी चिन्हाला इथे तीन बाइट लागतात. चिन्हं विचारली तर 8, कारण अनुस्वार, उकार आणि काना वेगळे मोजले जातात. पहिलीतलं मूल मोजेल नं-दु-र-बा-र, पाच. हे पाच जुनी आज्ञाही सांगत नाही आणि नवीही.