काँक्रीटच्या कारखान्यातील धूळ : धोका मोजायचा कसा?

काँक्रीटचे नळे, पोकळ ठोकळे, कुंपणाचे खांब, रेल्वेचे स्लीपर, मेट्रोच्या पुलाचे भाग हे सर्व आता कारखान्यात साच्यात ओतून तयार होते. आपल्या वस्त्यांतील अनेक बंधू-भगिनी अशा ठिकाणी, बहुधा कंत्राटदाराच्या हाताखाली, कामाला जातात. तेथील धुळीविषयी विचारले की ठरलेले उत्तर मिळते, "काही होत नाही, सवय होते." सवय होते ती नाकाला, फुप्फुसाला नव्हे.

कपड्यांवर बसणारी जाड धूळ बहुतांशी नाका-घशातच अडते. खरा धोका चार-पाच मायक्रॉनहून बारीक कणांचा. माणसाचा केस यापेक्षा दहापटीहून अधिक जाड असतो. वाळू व खडीत स्फटिकरूप सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ, असते. तिचे बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात व तेथे गाठी धरतात. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही, आणि काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कामाच्या ठिकाणी श्वासावाटे जाणारी ही सिलिका कर्करोगकारक ठरविली.

ओले काँक्रीट ओतताना धूळ फारशी नसते. ती उठते कोरडा माल मिक्सरमध्ये पडताना, साच्याला चिकटलेला थर ठोकून काढताना, आणि सर्वांत जास्त सुकलेला माल कापताना व ग्राइंडरने घासताना. संध्याकाळी कोरड्या झाडूने शेड झाडणारी बाई तर कोणाच्याच हिशेबात नसते.

म्हणून मोजणी माणसाची व्हावी, शेडची नव्हे. भिंतीला यंत्र टांगून काढलेला आकडा ग्राइंडरवाल्याच्या उपयोगाचा नाही. कामगाराच्या कमरेला छोटा पंप लावतात, कॉलरजवळ गाळणी. तिच्या आधी बसविलेले सायक्लोन नावाचे भांडे जाड कण बाजूला काढते. मिनिटाला २.२ लिटर हवा आठ तास ओढली तर १०५६ लिटर, म्हणजे सुमारे एक घनमीटर होते. गाळणीचे वजन जितके मिलिग्रॅम वाढले, जवळपास तितकी धूळ दर घनमीटरला. त्यात क्वार्ट्झ किती हे प्रयोगशाळा सांगते.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाचे सूत्र असे होते : क्वार्ट्झच्या टक्केवारीत २ मिळवून त्याने १० ला भागावे. समजा क्वार्ट्झ १८ टक्के, तर मर्यादा ०.५ मिलिग्रॅम. एखाद्याने दोन तास १.६ च्या धुळीत घासकाम केले आणि सहा तास ०.२ च्या धुळीत काढले, तर सरासरी ०.५५ येते. मर्यादा ओलांडली ती त्या दोन तासांनी. शिवाय ०.५ मध्ये निव्वळ क्वार्ट्झ ०.०९ भरते. अमेरिकेने २०१६ साली ठरविलेली मर्यादा ०.०५ आहे. तेव्हा 'मर्यादेच्या आत' या शब्दावर फार विसंबू नये.

धूळ उठूच न देणे हा पहिला उपाय : पाणी मारून कापणे, ग्राइंडरला धूळ ओढणारी नळी, झाडूऐवजी ओली सफाई. रुमाल बारीक कण अडवत नाही. मास्क द्यायचाच तर एन-९५ सारखा, चेहऱ्याला घट्ट बसणारा हवा.

दुसरी गोष्ट दवाखान्याची. सिलिकोसिस झालेल्याला क्षयही लवकर जडतो आणि दोहोंचा खोकला सारखाच. कामाची चौकशी न झाल्याने केवळ क्षयाच्या गोळ्या घेत राहिलेली माणसे असतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेसारख्या ठिकाणी छातीचा फोटो प्रमाण फोटोंशी ताडून पाहतात. पण तेथवर जाण्याआधी कोणत्या शेडमध्ये, कोणते काम, किती वर्षे केले हे केसपेपरवर लिहून घ्यावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या अधिनियमाच्या जागी नवी संहिता आली असली तरी सिलिकोसिस कळविणे तिच्यातही बंधनकारक आहे. कंत्राटी कामगाराकडे हजेरीचा कागद क्वचितच असतो. भरपाई मागण्याच्या वेळी हा केसपेपरच त्याच्या कामी येतो.