भाई दयासिंग : आज्ञा झेलणारे आणि आज्ञा देणारे

'पंजप्यारे' हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असतो; पाचांची नावेही ते परीक्षेपुरती पाठ करतात. त्यापलीकडे आम्ही शिक्षक त्यांस क्वचितच नेतो. वस्तुतः या पाचांतील पहिले, भाई दयासिंग, यांचे चरित्र निष्ठेचा अर्थ नव्याने तपासावयास लावणारे आहे. निष्ठावंत म्हटला की मान तुकवून आज्ञा झेलणारा सेवक आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. दयासिंगांनी मान तर पुढे केलीच. परंतु प्रसंग येताच गुरूंस आज्ञा करणाऱ्यांतही ते होते.

दयाराम हे लाहोरचे खत्री. १६९९ च्या वैशाखीस आनंदपूर येथे गुरू गोविंदसिंगांनी नंगी तलवार हाती घेऊन भर सभेत शीर मागितले, तेव्हा स्तब्ध समुदायातून प्रथम तेच उठले. मागाहून उठलेल्या चौघांत एक बीदरचे होते, ही गोष्ट आम्हां हैदराबादकरांस विशेष जवळची वाटते. हा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्याच दिवशी पुढे जे घडले त्याकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. पाचांस अमृत दिल्यावर गुरूंनी त्यांच्याच हातून स्वतः अमृत घेतले. गुरू शिष्यांचा शिष्य झाला!

हा केवळ विधी नव्हता, याची प्रचीती चमकौरला आली. आनंदपूर सोडावे लागल्यावर गुरू सुमारे ४० शिखांसह तेथील कच्च्या गढीत वेढले गेले. अजितसिंग व जुझारसिंग हे त्यांचे दोन ज्येष्ठ पुत्र धारातीर्थी पडले. पंजप्याऱ्यांपैकीही तिघे गेले. रात्री मूठभर माणसे उरली. उजाडताच स्वतः रणात उतरावयाचे, असा गुरूंचा निश्चय होता. तेव्हा उरलेल्यांपैकी पाच जणांनी खालशाच्या अधिकाराने त्यांस गढी सोडण्याची आज्ञा केली. या पाचांत दयासिंग होते. ती विनंती असती तर गुरूंनी कदाचित नाकारली असती. आज्ञा नाकारता येईना. दयासिंग, धरमसिंग व मानसिंग त्यांच्यासमवेत अंधारात बाहेर पडले.

यानंतरची कामगिरी तलवारीची नव्हती. आमच्या मते ती अधिक अवघड होती. कुराणाची शपथ वाहून ती मोडल्याबद्दल गुरूंनी औरंगजेबास फारसी काव्यात जाब विचारला. हाच 'जफरनामा'. तो दक्षिणेत बादशहाकडे पोचविण्याचे काम दयासिंग व धरमसिंग यांच्याकडे आले. सारी वाट मोगली मुलखातली, आणि खलित्यात खुद्द बादशहाचीच निर्भर्त्सना! बादशहा तेव्हा अहमदनगरास (आजच्या अहिल्यानगरास) होता. भेट सहजी मिळेना. परंपरा सांगते की, धरमसिंगांस गुरूंकडे परत पाठवून दयासिंग औरंगाबादेस थांबून राहिले. क्षणात शीर देणे एक. परक्या मुलखात दिवसामागून दिवस दार उघडण्याची वाट पाहणे दुसरे. अखेर पत्र पोचले. गुरूंशी सलोखा करावा, असा हुकूम लाहोरच्या मुनीमखानाकडे गेला.

१७०७ मध्ये औरंगजेब वारला. गुरू दक्षिणेच्या वाटेवर असताना दयासिंग राजपुतान्यात त्यांस येऊन मिळाले आणि त्यांच्यासह नांदेडास आले. १७०८ मध्ये तेथेच गुरूंचे देहावसान झाले, पाठोपाठ दयासिंगांचेही. नांदेडला त्यांची व धरमसिंगांची समाधी एकत्रच आहे.