माडाचं नाव ज्या पानांवर उभं आहे

आपल्या माडाचं शास्त्रीय नाव कोकोस न्युसिफेरा. ते कार्ल लिनियसनं १७५३ साली दिलं. अशा प्रत्येक नावाला एक आधार नेमून दिलेला असतो. शंका आली की तिथं जाऊन ताडून पाहायचं. बहुतेक झाडांच्या बाबतीत हा आधार म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेली फांदी असते. माडाच्या बाबतीत मात्र ती आहेत छापील चित्रं! विसाव्या शतकात अभ्यासकांनी नावाचा आधार म्हणून त्यांच्यावरच बोट ठेवलं.

ही चित्रं आहेत ‘होर्तुस मलाबारिकुस’च्या पहिल्या खंडात. मलबारचे डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे यांनी करवून घेतलेला हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला बारा खंडांत निघाला. लिनियस हिंदुस्थानात कधी आलाच नाही. मलबारच्या कितीतरी झाडांची ओळख त्याला झाली ती या पानांतून. पोफळ आणि भेरली माड यांच्या नावांचा आधारही इथलीच चित्रं.

म्हणून असे जुने ग्रंथ जपणारं वनस्पती उद्यानाचं ग्रंथालय मला विलक्षण वाटतं. इतर शास्त्रांत साडेतीनशे वर्षांपूर्वीचं पुस्तक इतिहासात जमा होतं. इथं ते आजही साक्षीला उभं राहतं. वनस्पतींच्या नावांत सहसा आधीच्या नावाचा मान पहिला, त्यामुळे जुनी पानं सतत उघडावी लागतात. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या मिझुरी बोटॅनिकल गार्डननं तर ‘ट्रॉपिकोस’ नावाचा माहितीसाठाच उभा केला आहे. त्यात झाडाचं नाव शोधलं की ते कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर प्रथम छापलं गेलं ते समजतं. तिथल्या ग्रंथालयातल्या ‘होर्तुस’ची पानंही ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’वर कुणालाही फुकट पाहता येतात.

ती जरूर पाहा. चित्रांवर लॅटिन, मल्याळी आणि अरबी अक्षरांबरोबर नागरीतही नावं कोरली आहेत. सतराव्या शतकात, ॲमस्टरडॅममध्ये! ती आली कोचीच्या कोंकणी वैद्यांकडून. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट अशी त्यांची नावं. १६७५ साली त्यांनी या कामाची ग्वाही देणारा दाखला कोंकणीत लिहून दिला, आणि ऱ्हेडेंनी तो पहिल्या खंडात जसाच्या तसा नागरीत छापला. मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांचा दाखलाही सोबत आहे. झाडं ओळखणाऱ्यांची नावं ग्रंथात अशी ठळकपणे येणं त्या काळी फार दुर्मीळ होतं.